भोक कुणी पाडलं? युद्धातून मिळालेल्या रणगाड्यावरचे घाव वाचायची रीत

सप्टेंबर १९६५ च्या भारत-पाक युद्धात पंजाबातल्या खेमकरणजवळच्या असल उत्तर गावाच्या शिवारात पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचे पॅटन रणगाडे उसात आणि पाणी सोडलेल्या शेतांत अडकले. काही फुटले, काही जळाले आणि बरेचसे धडधाकट अवस्थेतच सोडून दिले गेले. लढाईनंतर ते भिखीविंडला ओळीनं उभे केले. लोक त्या जागेला पॅटननगर म्हणू लागले. पुढं त्यातले कितीतरी रणगाडे देशभरच्या छावण्यांत, चौकांत आणि संग्रहालयांत विजयचिन्हं म्हणून गेले. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्येही या युद्धात हाती आलेला पॅटन पाहायला मिळतो.

अशा रणगाड्यासमोर आलेला माणूस आधी भोक शोधतो. भोक सापडलं की लगेच गोष्ट सांगितली जाते, आणि ती बहुतेक वेळा एकच असते: जीपवरच्या तोफेनं पॅटन फोडणारे अब्दुल हमीद. ४ ग्रेनेडियर्स या पायदळाच्या पलटणीतल्या हमीद यांचं शौर्य इतकं पक्कं नोंदलेलं आहे की त्याला चुकीच्या भोकाचा आधार लागत नाही. भलतं भोक त्यांच्या नावावर टाकलं, तर शेर्मन किंवा सेंच्युरियन या भारतीय रणगाड्यांत बसून तो गोळा मारणाऱ्या दुसऱ्या कुणाचं तरी काम पुसलं जातं. आणि त्या चिलखताआड जी माणसं होती, त्यांचं काय झालं हेही त्याच भोकात लिहिलेलं असतं. म्हणून हे काम सावकाश आणि पद्धतशीर करायला हवं. पुढची रीत पॅटन डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, पण नदीतून, दलदलीतून किंवा वाळवंटातून काढलेल्या दुसऱ्या कुठल्याही रणगाड्याला ती लागू पडते.

हात लावण्याआधी

रणगाडा लष्कराचा, संग्रहालयाचा किंवा नगरपालिकेचा असतो. लेखी परवानगीशिवाय त्यावर चढू नका आणि सुटा पडलेला तुकडाही उचलू नका. जमिनीतून किंवा पाण्यातून नुकताच काढलेला असेल, तर बॉम्बशोधक पथकानं तो निर्धोक ठरवल्याशिवाय जवळही जाऊ नका. गोळे, मशीनगनच्या गोळ्या, हातबॉम्ब आणि धुराचे डबे चिखलात साठ-ऐंशी वर्षं तसेच राहू शकतात. चिलखतात रुतून बसलेला, न फुटलेला गोळा दिसला तर काम तिथंच थांबवा.

बाकीचे धोके कमी ओळखीचे आहेत. ब्रेकच्या अस्तरात आणि एक्झॉस्टच्या वेष्टणात अॅस्बेस्टॉस असू शकतो. जुन्या डायलवरच्या चमकणाऱ्या रंगात रेडियम असू शकतं. वर्षानुवर्षं बंद असलेल्या हलमध्ये (रणगाड्याच्या खालच्या धडात) गंजामुळं ऑक्सिजन कमी झालेला असतो, त्यामुळं झाकण उघडल्या उघडल्या आत उतरू नका. हवा खेळू द्या, बाहेर एक माणूस उभा ठेवा आणि गंजलेल्या झाकणाला आधी ठोकळ्याचा आधार द्या. त्याची स्प्रिंग तुटली असेल तर ते मनगटावर येतं.

एक सूचना मात्र सगळ्यांत महत्त्वाची आहे. तारेचा ब्रश, सँडब्लास्टिंग, रंग काढायचं रसायन यांतलं काहीही नोंद पूर्ण होईपर्यंत वापरू नका. उत्साही मंडळी रणगाडा 'स्वच्छ' करतात आणि काजळी, तांब्याचा लेप, शिशाचा माग हे सगळे पुरावे एका दुपारी धुऊन जातात.

रणगाडा नेमका कोणता, आणि समोर कोण होतं

पॅटन म्हणजे एकच रणगाडा नव्हे. पाकिस्तानकडं एम-४७ आणि एम-४८ असे दोन्ही होते. एम-४७ च्या हलचं नाक कोनदार असतं आणि तिथं चालकाशेजारच्या गड्याच्या मशीनगनची जागा असते. एम-४८ चं नाक होडीच्या तळासारखं गोलसर, ओतीव असतं आणि पुढं मशीनगन नसते. हा फरक घावांसाठी कामाचा आहे. एम-४८ चं हल आणि टरेट (वरचा फिरता, तोफ असलेला भाग) दोन्ही ओतीव पोलादाचे आहेत. ओतीव पोलाद घाव घेताना सपाट लाटलेल्या पत्र्यापेक्षा वेगळं वागतं, आणि मागच्या बाजूनं त्याच्या कपच्या सहज उडतात. शिवाय जाडी जागोजाग बदलते. एम-४८ च्या नाकाला सुमारे ११० मिमी चिलखत आहे आणि तेही चांगलंच तिरकं. बाजूला आणि मागं ते पुष्कळ पातळ होत जातं.

मग हा रणगाडा कुठल्या रणांगणावरून आला ते शोधा. ओतीव अंक, नोंदणी क्रमांक, जुन्या रंगाखालची युनिटची खूण आणि संग्रहालयाची आवक नोंदवही यांतून बहुधा पत्ता लागतो. असल उत्तरला पॅटनसमोर होती ती शस्त्रं अशी: थर्ड कॅव्हलरी या रेजिमेंटचे सेंच्युरियन (२० पौंडी, म्हणजे सुमारे ८४ मिमी तोफ), डेक्कन हॉर्सचे ७६ मिमी तोफेचे शेर्मन, एट्थ कॅव्हलरीचे ७५ मिमी तोफेचे हलके रणगाडे एएमएक्स-१३, पायदळाच्या जीपवरच्या १०६ मिमी रिकॉइललेस (उडवताना मागं धक्का न देणाऱ्या) तोफा, मागं तोफखाना आणि जमिनीत सुरुंग. तोच पॅटन सियालकोटकडच्या फिलोरा-चविंडा भागातून आला असेल, तर यादी बदलते. तिथं पूना हॉर्ससारख्या रेजिमेंटांचे सेंच्युरियन समोर होते. मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर त्याच रेजिमेंटचं नेतृत्व करताना १६ सप्टेंबर १९६५ रोजी धारातीर्थी पडले.

ही यादी आधी कागदावर उतरवा. यादी नसेल तर प्रत्येक गोल भोक आपल्या आवडत्या तोफेचं वाटायला लागतं.

नोंद

हलचं नाक १२ वाजता धरून घड्याळाच्या पद्धतीनं जागा लिहा. टरेटसाठी वेगळं घड्याळ, नळी १२ वर. प्रत्येक घावाला क्रमांक द्या (ह-१, ह-२, ट-१) आणि खडूनं शेजारी लिहा, घावावर नव्हे. भोकाचा व्यास दोन दिशांनी मोजा: सर्वांत लांब आणि त्याला काटकोनात. बाहेरचा व्यास, आतला व्यास, खोली आणि कडेच्या ओठाची उंची या चार मोजमापांवर पुढचं सगळं उभं राहतं. प्रत्येक फोटोत पट्टी हवी.

फोटो दोनदा काढा. एकदा दिवसा, सरळ उजेडात. दुसऱ्यांदा संध्याकाळनंतर, टॉर्च पत्र्याला जवळजवळ चिकटवून, तिरक्या उजेडात. चौकातल्या रणगाड्यांना वर्षानुवर्षं रंगाचे थर चढतात आणि उथळ पोचे त्याखाली बुजून जातात. दुपारी गुळगुळीत वाटणारी टरेटची बाजू तिरक्या उजेडात अचानक खळ्यांनी भरलेली दिसते. शंका येईल तिथं छोट्या हातोडीनं हलकेच ठोकून पाहा. पोलादाचा आवाज टणक येतो, पुट्टी भरली असेल तर बद्द येतो. लोहचुंबकही हेच सांगतो. शोभेसाठी बुजवलेली खरी भोकं अशीच सापडतात.

आधी नंतरचे घाव बाजूला काढा

रणगाड्यावरचे निम्मे घाव लढाईतले नसण्याची शक्यता धरूनच कामाला लागा. पकडलेले रणगाडे चाचणीसाठी आणि गोळीबाराच्या मैदानावर लक्ष्य म्हणून वापरायची पद्धत जगभर आहे. त्याशिवाय ओढताना, भंगारात तोडताना आणि डागडुजी करताना नवे घाव होतात.

गॅस कटरची कड ओळखणं सोपं असतं: काप एका रुंदीचा, कडेवर खालच्या बाजूला झुकलेल्या बारीक समांतर रेषा, आणि तळाला वितळलेल्या लोखंडाचे थेंब. कुठलाही गोळा असा काप करत नाही. ओढण्याच्या तारेनं पडलेल्या खाचा टोइंगच्या कड्यांजवळ असतात. चिखलातून ओढताना वाकलेला सस्पेन्शनचा (चाक धरणारा) हात पुढं किंवा मागं वाकतो. सुरुंगानं वाकलेला हात वर जातो, आणि त्याच्या वरचा मडगार्डही वरच्या दिशेनंच फाटलेला असतो.

गोळीबाराच्या मैदानावरचे घाव ओळखायला जास्त बारकाई लागते. एकाच बाजूला, एकाच उंचीवर, जवळजवळ बसलेले बरेच घाव दिसले तर संशय घ्या. लढाईत पहिल्या-दुसऱ्या घावानंतर रणगाडा थांबतो किंवा पेटतो, आणि तोफची आपली नळी दुसऱ्या लक्ष्याकडं वळवतो. (पेट घेत नाही तोवर मारत राहणंही घडतं, त्यामुळं एवढ्यावर निकाल देऊ नका.) त्या काळात त्या सेनेकडं नसलेल्या दारूगोळ्याचा घाव दिसला, उदाहरणार्थ पंखवाल्या बाणासारख्या गोळ्याचा, ज्याच्या भोकाभोवती पंखांच्या चिरा उमटतात, तर तो १९६५ चा नाही.

सगळ्यांत खात्रीचा पुरावा आत असतो. गोळा आरपार गेला की चिलखताच्या ठिकऱ्या आत शंकूच्या आकारात उडतात आणि समोरच्या भिंतीवर शेकडो बारीक खळ्या पाडतात. त्या वेळी भिंतीला रेडिओ, गोळ्यांची मांडणी, आसन असं काही लागलेलं असेल, तर त्याच्यामागचा भाग वाचतो. ती वस्तू नंतर काढली तरी खळ्यांच्या मधोमध तिच्या आकाराची कोरी जागा राहते. अशी कोरी आकृती दिसली, तर गोळा लागला तेव्हा रणगाडा सज्ज होता. उलट, रेडिओच्या बैठकीखाली आणि बोल्टच्या भोकांतसुद्धा खळ्या असतील, तर आतलं सामान काढून घेतल्यावर कुणीतरी त्याच्यावर गोळा मारला आहे. मला विचाराल तर बाहेरच्या भोकावर एक तास घालवावा आणि आतल्या भिंतीवर तीन.

घावांचे प्रकार

*ठोस चिलखतभेदी गोळा.* यात स्फोट नगण्य, काम सगळं वेगाचं आणि वजनाचं. बाहेरून भोक गोल किंवा लांबट, व्यास साधारण गोळ्याएवढा, आणि कडेला बाहेर उलटलेला पोलादाचा ओठ. गोळा धातूला बाजूला सारत आत घुसतो, त्यातला थोडा धातू बाहेरच्या बाजूला वर येतो, तोच हा ओठ. आतल्या बाजूचं रूप पोलादावर अवलंबून असतं. नरम आणि पातळ पत्रा फाटून पाकळ्या होतात. कठीण पत्र्यातून जाड चकती सुटून आत उडते. ओतीव चिलखताच्या मोठ्या कपच्या निघतात आणि आतलं भोक बाहेरच्यापेक्षा कितीतरी रुंद दिसतं. शेर्मनच्या ७६ आणि एएमएक्सच्या ७५ मिमी गोळ्यांत व्यासावरून फरक करता येईल असं समजू नका. एक मिलिमीटर गंजातच जातो. तिथं जागा, दिशा आणि कागदपत्रंच निकाल देतात.

असल उत्तरला भारतीय रणगाडे नालाच्या आकारात, उसाच्या आडोशानं दबा धरून होते आणि पॅटन त्या पोकळीत शिरले. म्हणजे बाजूनं आणि मागच्या अंगानं लागलेले ठोस गोळे तिथं अपेक्षितच आहेत. नाकावर ७६ मिमीचं स्वच्छ आरपार भोक आहे असं कुणी म्हटलं, तर पुन्हा मोजा.

*गाभा असलेला गोळा.* सेंच्युरियनच्या २० पौंडी तोफेला हलक्या आवरणात टंगस्टन कार्बाइडचा गाभा असलेला गोळाही होता. नळीतून बाहेर पडताच आवरण गळून पडतं आणि बारीक, जड गाभा सेकंदाला १,४०० मीटरहून जास्त वेगानं पुढं जातो. परिणामी भोक तोफेच्या व्यासाच्या निम्म्याच्या आसपासच असतं. इथंच बरेच जण फसतात. भोक लहान आहे, म्हणजे रिकॉइललेसचा गोळा, असा तर्क केला जातो.

*पोकळ बारुदाचा गोळा.* १०६ मिमी रिकॉइललेस तोफ नावाला १०६, प्रत्यक्षात १०५ मिमीची. तिचा रणगाडाभेदी गोळा वेगावर विसंबत नाही. टोक आपटलं की आतल्या शंकूच्या आकाराच्या धातूच्या अस्तराची, बहुधा तांब्याची, बारीक धार बनते आणि ती चिलखत भेदून जाते. बाहेरचं भोक बहुधा २५ ते ४० मिमी आणि आत जाताना निमुळतं होत जातं.

हे दोन लहान घाव शेजारी ठेवून पाहू, कारण रणगाड्यावरचा खरा वाद यांच्यातच होतो. करंगळी आत घालून कडा चाचपा, अर्थात हातमोजा घालून. गाभ्याच्या गोळ्याचं भोक कडेला ओठदार, आत जवळजवळ एकाच व्यासाचं आणि भिंतीला लांबट घासल्याच्या रेघा असलेलं असतं. धारेचं भोक आत अरुंद होतं, भिंत लहरी, वितळून गोठल्यासारखी लागते. आता नजर भोकावरून काढून भोवताली न्या. पोकळ बारुदाचा गोळा चिलखताच्या बाहेरच फुटतो, त्यामुळं त्याच्या कवचाच्या ठिकऱ्या भोवती गोलाकार पसरतात. भोकाभोवती वीतभर किंवा जास्त रुंदीचं उथळ खळ्यांचं आणि आऱ्यांसारख्या ओरखड्यांचं वलय दिसलं, तर तो पोकळ बारूद. शेजारचा दिवा, हुक किंवा मडगार्ड त्याच्या तडाख्यानं फाटलेला असतो. गाभ्याच्या गोळ्याभोवती असं काही नसतं. तो पत्र्याला भोक पाडून शेजारच्या हुकाला धक्काही न लावता निघून जातो.

रिकॉइललेसची आणखी एक खूण आहे. मोठा गोळा सोडण्याआधी नेम पाहण्यासाठी तिच्यावर बसवलेल्या १२.७ मिमी बंदुकीतून गोळी झाडतात. ती लक्ष्यावर फुटून पांढरा धूर सोडते. तेव्हा वलयाच्या आसपास एक-दोन १२.७ मिमीचे उथळ पोचे सापडले, तर पुराव्याला बळ मिळतं. मात्र तेवढ्याच व्यासाच्या मशीनगना रणगाड्यांवरही असतात, म्हणून नुसत्या त्या पोच्यांवर काही ठरवू नका.

*चपटा होणारा गोळा.* हा चिलखतावर आपटून थापला जातो आणि मग फुटतो. बाहेर भोक नसतंच, फक्त गोल उथळ पोचा आणि काळपट डाग असतो. आतून मात्र जाड खवला सुटून आलेला असतो. बाहेर भोक नाही म्हणून घाव नोंदवायचा राहतो तो याच प्रकारात. टरेटच्या आत ताटलीएवढा खवला निघालेला दिसला, तर बरोबर त्याच्या मागं बाहेरून तिरका उजेड टाका.

*तोफखान्याचे स्फोटक गोळे.* चिलखताला बशीसारखा उथळ खड्डा आणि भोवती वेडेवाकडे ठिकऱ्यांचे ओरखडे. नुकसान खरं होतं ते नाजूक भागांचं: पेरिस्कोप, दिवे, एरियल, इंजिनावरची जाळी, मागं लावलेल्या पेट्या. दिशा बहुधा वरून.

*सुरुंग.* तुटलेला ट्रॅक, गायब झालेलं चाक, वर वाकलेला हात आणि तळाला आत आलेला फुगवटा. यावर जास्त लिहायची गरज नाही, एकदा पाहिला की विसरत नाही.

*लहान शस्त्रं.* रायफलच्या गोळ्या चिलखतावर नुसता चकचकीत टिकला आणि शिशा-तांब्याचा शिंतोडा सोडतात. तो रंगाखाली गेला की संपला. मात्र पातळ पत्र्याच्या पेट्या, मडगार्ड आणि पेरिस्कोपच्या काचा पाहा. पायदळ किती जवळ आलं होतं ते तिथं कळतं.

न भेदलेला घावही निकाल लावतो

आरपार भोक नाही म्हणजे घाव निष्फळ, असं धरून चालू नका. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला टायगर १३१ आज इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात आहे. चर्चिल रणगाड्याच्या ६ पौंडी तोफेचा एक गोळा त्याच्या नळीखालून घासत गेला आणि टरेट व हल यांच्यामधल्या फटीजवळ अडकला. टरेट फिरेना. मुख्य चिलखत भेदलं गेलं नव्हतं, तरी आतली माणसं रणगाडा सोडून गेली.

म्हणून घासून गेलेल्या गोळ्यांची चरं काळजीनं वाचा. चर सुरू होते तिथं कड स्वच्छ आणि उतार हलका असतो. संपते तिथं धातू पुढं लोटला जाऊन उंचवटा झालेला असतो. गोळा उंचवट्याच्या दिशेनं गेला. चरीची रेघ पुढं वाढवली की बऱ्याचदा दुसरा घाव सापडतो: टरेटच्या खालच्या कडेला, झाकणाच्या बिजागरीला, किंवा चालकाच्या डोक्यावरच्या पातळ छतावर.

आग आणि आतला स्फोट

जळालेला रणगाडा कधी आणि किती जळाला हे धातू सांगतात. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पितळ साधारण ९०० च्या पुढं, तांबं १,०८५ अंशांना. इंजिनाच्या भागात अॅल्युमिनियमचे ओघळ आहेत पण तांब्याच्या तारा शाबूत आहेत, म्हणजे तापमान या दोन्हींच्या मधलं. रोडव्हीलचं रबर एका बाजूचं जळालं आणि दुसऱ्या बाजूचं राहिलं असेल, तर आगीची जागा आणि वाऱ्याची दिशा दोन्हींचा अंदाज येतो. मोठ्या आगीत सस्पेन्शनच्या टॉर्शन बारचं (स्प्रिंगसारखं काम करणाऱ्या पोलादी सळ्यांचं) पाणी उतरतं आणि रणगाडा त्या बाजूला बसतो. चौकात नीट उभा दिसणारा रणगाडा खालून ठोकळ्यांवर टेकवलेला असू शकतो, तेही पाहा.

दारूगोळा फुटला असेल तर सगळं आतून बाहेर ढकललेलं दिसतं: बाजू फुगलेल्या, जोड बाहेर उघडलेले, टरेट कड्यातून उचकटलेला. एम-४८ मध्ये गोळ्यांचा मोठा साठा हलच्या पुढच्या भागात चालकाच्या शेजारी असतो, तेव्हा फुगवटा तिथं जास्त दिसला तर आश्चर्य नाही. फक्त तोफेचा मागचा भाग फुटलेला किंवा नळी टोकाशी चिरलेली असेल आणि बाकी रणगाडा शाबूत असेल, तर तो शत्रूचा घाव नसावा. रणगाडा सोडताना चालक दलानं, किंवा तो परत वापरता येऊ नये म्हणून दुसऱ्या कुणी, मुद्दाम स्फोट केला असण्याची शक्यता जास्त.

दिशा, आणि घावांचा क्रम

आरपार भोकातून सरळ लाकडी काठी किंवा पातळ नळी घाला, ती बाहेर वाढवा, आणि मागून फोटो काढा. पोकळ बारुदाची धार सरळ रेषेत जाते, त्यामुळं तिच्या भोकातली काठी आणि समोरच्या भिंतीवरचा घाव एका रेषेत आले तर दिशा चांगली मिळते. ठोस गोळा तिरक्या चिलखतात शिरताना वळतो, तेव्हा त्याची दिशा दहा-पंधरा अंश इकडंतिकडं धरूनच लिहा. भोकाच्या आकारावरून अंतर सांगायचा मोह टाळा. त्यासाठी लागणारी माहिती पत्र्यात नसते.

टरेटवरच्या घावाची दिशा काढताना एक प्रश्न आधी सोडवायला लागतो: घाव बसला तेव्हा टरेट कुठं वळलेला होता? आज नळी समोर आहे, कारण स्मारक उभारणाऱ्यांना ती तशी हवी होती. एखादी चर हलवरून सुरू होऊन टरेटवर गेली असेल, किंवा एकाच स्फोटाच्या वलयाचा अर्धा भाग हलवर आणि अर्धा टरेटवर असेल, तर टरेट कागदावर फिरवून ते दोन भाग जुळवा. त्या क्षणी नळी कुठं रोखलेली होती ते कळतं, म्हणजे आतली माणसं कुणाकडं पाहत होती तेही.

क्रम लावायला तीन गोष्टी उपयोगी पडतात. नवी भेग जुन्या भेगेपाशी थांबते, ती ओलांडत नाही. आगीनंतर बसलेला घाव भाजलेल्या खपलीला फाडतो, आगीआधीच्या घावाच्या खळगीत मात्र तीच खपली आतपर्यंत असते. आणि वेल्डिंगनं बुजवलेलं भोक नीट तपासा: वेल्डिंगवर त्या काळातला मूळ रंग असेल, तर रणगाडा एकदा घायाळ होऊन दुरुस्त होऊन परत लढायला आला होता. गंजाच्या रंगावरून मात्र वय ठरवू नका. पावसाचं पाणी साचणारी खळगी आणि उतारावरची खळगी एकाच वर्षी वेगवेगळ्या गंजतात.

माग तपासणं

हाताळता येणारं एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्र एखाद्या विद्यापीठाच्या किंवा पुरातत्त्व प्रयोगशाळेच्या मदतीनं मिळालं, तर शंकास्पद भोकांसाठी जरूर वापरा. भोकाच्या भिंतीवर तांबं सापडलं तर पोकळ बारुदाकडं, टंगस्टन आणि कोबाल्ट सापडले तर कार्बाइडच्या गाभ्याकडं बोट जातं. मात्र रंगातच तांबं किंवा शिसं असू शकतं, म्हणून भोकापासून हातभर दूरच्या साध्या पत्र्यावरचं मोजमाप तुलनेला हवंच. रंग आधी धुऊन काढलेला असेल तर खोल भागातला माग तरी शिल्लक असतो. तिथंच मोजा.

निष्कर्ष लिहिताना

प्रत्येक घावासमोर तीनपैकी एक शब्द लिहा: निश्चित, बहुधा, शक्य. मोजमाप, वलय, आतली बाजू आणि धातूचा माग हे चारही एका दिशेला असतील तरच निश्चित. शस्त्र ओळखलं म्हणजे माणूस ओळखला असं होत नाही. '१०६ मिमी रिकॉइललेसचा घाव, बहुधा, हलच्या डाव्या बाजूनं' एवढं घाव सांगतो. तो कुणी मारला हे सांगायला रेजिमेंटची युद्ध डायरी, त्या दिवशीचे नकाशे आणि रणगाड्याचा क्रमांक एकत्र जुळावे लागतात. जुळले नाहीत, तर फलकावर शस्त्र लिहा आणि नाव लिहू नका. शस्त्राबद्दलही शंका असेल, तर 'ठोस गोळा, ७५ किंवा ७६ मिमी' असंच लिहा. वाचणाऱ्याला ते समजतं.

नोंदीच्या प्रती तीन ठिकाणी ठेवा: रणगाड्याच्या मालकाकडं, संबंधित रेजिमेंटकडं आणि एखाद्या ग्रंथालयात. सुटे तुकडे क्रमांकासह कोरड्या डब्यात ठेवा. पुढच्या रंगकामाच्या ठेकेदाराला भोकांचा नकाशा हातात द्या आणि पुट्टी भरायची नाही हे कामाच्या आदेशातच लिहून घ्या. पावसाचं पाणी आत जातं ही त्याची तक्रार खरी असते. त्यासाठी आतल्या बाजूनं, चिलखताला न चिकटवता, काढता-घालता येणारी रबरी टोपी बसवावी आणि हलच्या तळाचं पाणी जाण्याचं भोक दर पावसाळ्याआधी मोकळं करावं.